जयवंताच्या हातचं पाणी

“सरक ना व वयनी थोडी! आता माहीच पाळी येऊन रायली!”

अंबाबाईने जयवंताला कोपराने ढोसले आणि नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर सारखा केला... टीव्हीवर दिसायचे म्हणून टीव्ही पाहायलाही ती नवे लुगडे नेसून आली होती!

त्या रविवारी सकाळी सौंसरच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. घराण्याचा धाकटा मुलगा, नौदलातला कमोडोर सुखदेवराव, याच्या आयुष्यावर दूरदर्शनने माहितीपट केला होता. ज्या गावाने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला, त्या गावचा पोरगा लढाऊ जहाजाचा कप्तान! हिवाळ्यात दिल्लीची माणसे येऊन संत्र्यांचे बगीचे, बगीच्यातली विहीर, सुखदेवची बहीण अंबाबाई, सारे टिपून गेली होती. थोरले भाऊ नत्थूजी खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांची बायको जयवंता दाराच्या चौकटीला टेकून, नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे.

पडद्यावर पांढऱ्याशुभ्र गणवेशातला सुखदेव जहाजावर चढला, कमरेची तलवार उन्हात लखलखली, आणि जयवंताचे डोळे भरून आले. लग्न होऊन ती रामाकोन्याहून या घरात आली तेव्हा हा एवढासा होता, दूधभाताचा घास वहिनीच्याच हातचा हवा म्हणून रुसून बसणारा... आणि आता त्याला सलाम ठोकायला शेकडो माणसे रांगेत उभी!

एवढ्यात पडद्यावर विहीर आली. लोखंडी जाळीने बंद केलेली ती विहीर... आणि काठावर अंबाबाई, तोंड भरून सांगत असलेली, “माह्या वयनीनं उडी टाकली होती ना हिरीत! माहा भाऊ सोळा वर्साचा, पन त्यानंच काढलं तिले वर!” या शूर नाविकाने पहिला जीव वाचवला तो इथे, असे निवेदकाने भारदस्त हिंदीत सांगितले आणि बैठकीत टाळ्या पडल्या.

जयवंताच्या काळजाचे पाणी पाणी झाले. आजवर ही बदनामी सौंसरच्या वेशीत होती, आज ती साऱ्या देशाच्या घराघरांत जाऊन बसली! तिने चोरून नवऱ्याकडे पाहिले. नत्थूजींचा जबडा आवळला होता.

खरे काय ते या जगात दोघांनाच ठाऊक होते, तिला आणि सुखदेवला.

सुखदेवची नौदलासाठी निवड झाली होती आणि पठ्ठ्याला पोहता येत नव्हते! नत्थूजींच्या पाठचे एक पोर नदीने नेले म्हणून सासूबाईंना पाण्याची धास्ती. पाण्याजवळ दिसलास तर जहाज विसर, असे सासऱ्यांनी बजावलेले. म्हणून तो कुणाला न सांगता एकटाच विहिरीत उतरला आणि गटांगळ्या खाऊ लागला. लहानपणी कन्हान नदीचे पात्र पोरांच्या बरोबरीने पार करणारी जयवंता तेव्हा बगीच्यात होती. ती नेसत्या लुगड्यानिशी उडी टाकून त्याला पायरीपर्यंत घेऊन आली. वरून माणसे धावत येत होती. पोर थरथर कापत म्हणाले, “वयनी, बाबा मले आता जाऊच देनार नाई!” आणि त्या पंचवीस वर्षांच्या पोरीने एका क्षणात आपला सारा मान त्याच्या पदरात टाकला. “मीच उडी टाकली, यानं मले काढलं,” ती सर्वांसमोर म्हणाली, आणि सुखदेवला तिने आपल्या गळ्याची शपथ घातली.

मालगुजारांच्या सुनेला पोहता येत असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. त्याच सकाळी तिच्या भावाच्या लग्नाला जाण्यावरून नत्थूजी तिच्यावर खेकसले होते, ते मात्र घरादाराने ऐकले होते. मग काय, गावाने दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली! पाळण्यात तान्हे मूल असलेल्या बाईला नवऱ्याने जीव नकोसा केला म्हणून लोक कुजबुजले, आणि मानी नत्थूजी आतून जळून गेले. “जिनं माह्या नावावर पान्यात उडी घेतली, तिच्या हातचं पानी मले जहर हाय!” तिने रांधलेले ते जेवले, तापात फणफणताना तिच्या हातची औषधे घेतली, पण पाणी आधी गडी आणून देई आणि पुढे सून अलका. पस्तीस वर्षे... रोज ताट तिने वाढावे आणि शेजारचा पेला दुसऱ्याने भरावा!

पडद्यावर आता सुखदेव एकटा बसला होता. त्या पहिल्या शौर्याबद्दल सांगा, असे मुलाखत घेणाऱ्याने हसत विचारले. सुखदेवने टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘नको रे बाबा, तुह्या अंगावर हा गणवेश शोभून दिसते, तसाच राहू दे,’ असे जयवंता मनात म्हणाली... आणि त्याच मनाच्या तळातून दुसरे कुणीतरी आकांताने म्हणत होते, बोल रे! एकदा तरी बोल!

“वो झूठ है,” सुखदेव म्हणाला. “डूब मैं रहा था. भाभी ने मुझे निकाला.”

आणि मग तो कमोडोर, तो पदकांनी मढलेला मोठा साहेब, कॅमेऱ्याकडे पाहत थेट सौंसरच्या बोलीत बोलू लागला.

“वयनी, तुही शपथ मी आज मोडून रायलो. बाबा गेले, आई गेली, तरी मी भेत रायलो. सुट्टीवर आलो का सांगू सांगू म्हनो, अन् दादाच्या समोर तोंडच उघडे ना... सारे मले शूर म्हनते व! तुह्या खोट्यानं मी शूर झालो. दादा, ऐकून रायले ना तुमी? वयनी तुमच्यापायी मरायले नवती गेली. माह्यापायी गेली होती... मले काढायले.”

पुढे जहाजे आली, बँड वाजला, पण पाहणारे कुणी उरले नव्हते. अंबाबाईने पदर तोंडात कोंबला होता. एकेक जण चप्पल शोधत बाहेर पडला. अलका सासूजवळ जाऊन उभी राहिली.

नत्थूजी जयवंताकडे वळले.

“काऊन नाई सांगतलं तू मले? पस्तीस वर्सं व! निदान मले तरी...”

जयवंताला हुंदका फुटला, पण मान खाली गेली नाही. “तुमी कधी इचारलंच नाई जी. लोकायनं सांगतलं ते तुमी मानलं. एकडाव म्हनलं असतं, काऊन उडी टाकली व जयवंता... तर सारं खरं पायाशी सांगतलं असतं मी!”

नत्थूजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. तो ताठ माणूस घरच्यांदेखत लहान मुलासारखा रडला. रडता रडता त्यांना ठसका लागला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने अलका लगबगीने माठाकडे धावली.

“अलका, थांब बाई तू...” त्यांनी हात वर केला. “तुह्या सासूले आनू दे.”

जयवंताने पेला भरला. घाईत निम्मे पाणी वाटेतच सांडले. नत्थूजींनी तो पेला तिच्या बोटांसकट धरला, डोळे मिटले, आणि तळ दिसेपर्यंत प्यायले.

मग रिकामा पेला पुन्हा तिच्यापुढे धरून ते म्हणाले, “अजून दे.”