माझा दगड कोनाड्यातच आहे

"आजी, दगड नाही ठेवला तर काय होतं?"

हा प्रश्न माझा नव्हता. मैत्रिणींनी मला विचारायला लावला होता. पैज एका शेवपुरीची.

मी दीक्षा. नववीत आहे, नवी मुंबईत सीवूड्सला राहते. पुढं जे लिहितेय ते जसं घडलं तसंच लिहितेय, एक शब्द पण वाढवलेला नाही. किल्ल्याचं आणि शाळेचं नाव देणार नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. माझ्या पप्पांनाही पटलेलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

मागच्या डिसेंबरमधला दुसरा शनिवार. जासईच्या पुढं, कंटेनर यार्डांच्या मागं, खाडीकडेला एक छोटा किल्ला आहे. साडेचारशे वर्षं जुना, असं आमच्या इतिहासाच्या विजयमाला मॅडम म्हणाल्या. शाळेची सहल होती. आम्ही मुली बावीस आणि मॅडम. एकूण तेवीस. हा आकडा लक्षात ठेवा.

किल्ला म्हणजे काय, तर तटबंदी, दोन बुरुज, कोरडं टाकं आणि एकच दरवाजा. दरवाजा पण नुसती कमान. लाकडी दारं कधीच गेलीत, कोणाच्या आजोबांनी पण बघितली नसतील. कमानीच्या आत डाव्या हाताला देवडी आहे, म्हणजे पूर्वी पहारेकरी बसायचे ती खोली. तिच्या भिंतीत एक कोनाडा.

कमानीबाहेर गोजरा नावाची एक आजी बोरं विकत बसली होती. तिनं आम्हाला अडवलं.

"एकेक दगड घ्या. त्या कोनारात ठेवा. मंगच आत."

"का हो आजी?"

"आमी पन ठेवतो. आत जाताना एक ठेवाचा, येताना उचलाचा."

सगळ्या हसल्या. श्रुती माझ्या कानात म्हणाली, "मॉनिटर ना तू? विचार ना, नाही ठेवला तर काय. शेवपुरी माझ्याकडून."

गेल्या वर्षी मी असलं काही विचारलंच नसतं. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरी पण इतकी हळू द्यायचे की बाई दोनदा नाव घ्यायच्या. यंदा मॉनिटर झाले. भाषणात नंबर आला. आवाज फुटला म्हणा ना. आता मी कुठंही, कोणालाही काहीही विचारते.

म्हणून विचारलं.

आजीनं बोरं मापता मापता माझ्याकडं बघितलं.

"नाय ठेवलास तरी काय नाय. उचलाचीच गोष्ट हाय. आपला आपन उचलाचा. दुसऱ्याचा नाय."

"आणि दुसऱ्याचा उचलला तर?"

"शानी हायस. नाय उचलनार."

मैत्रिणी परत हसल्या. मी पण हसले. शेवपुरी जिंकले होते ना.

तेवीस दगड ठेवले. मैत्रीनं तिच्या दगडावर निळ्या पेनानं चांदणी काढली, ओळखू यावा म्हणून.

मैत्री माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. कमी बोलते. सतत सर्दी. चित्र मात्र असं काढते की बघत राहावं. आत गेल्यावर आम्ही सगळ्या फोटोंच्या मागं, मॅडमचा एकच मोबाईल एकवीस जणींत फिरवत. मैत्री बुरुजावर जाऊन वही उघडून बसली. मी डोकावले. तिनं कमान काढली होती, कमानीतून दिसणारी आजीची टोपली, मागं बंदराच्या क्रेन.

"भारी," मी म्हटलं.

"थोडंच राहिलंय. मला सोडून जाऊ नकोस हां."

"वेडी आहेस का?"

हे मी बोलले होते. माझ्याच तोंडानं.

साडेतीनला बसचा हॉर्न सुरू झाला. यार्डाचे ट्रेलर लागले की रस्ता बंद होतो, ड्रायव्हर काका ओरडत होते. मॅडम म्हणाल्या, "दीक्षा, आवर बघू सगळ्यांना."

कोनाड्यापाशी ही गर्दी. प्रत्येक जणी आपला दगड शोधतेय. हा माझा, नाही तो माझा. पाच मिनिटं गेली तरी एकही दगड उचलला गेला नव्हता.

मला एकदम आयडिया सुचली.

मी डोक्यावरची टोपी काढली, कोनाड्याला लावली, आणि हातानं सगळे दगड आत ओढले. तेवीसच्या तेवीस.

"बसमध्ये वाटते. चला, पळा."

मॅडम म्हणाल्या, "शाब्बास."

गोजरा आजी तेव्हा जागेवर नव्हती. टोपलीवर फडकं टाकून कुठंतरी गेली होती.

शेवटचा दगड टोपीत पडला आणि...

मागं काहीतरी सरकलं. जड. लाकडावर लाकूड घासल्यासारखं. मग एक धप्प आवाज.

मी वळून बघितलं. रिकामी कमान. ऊन.

यार्डातला आवाज असेल, म्हटलं.

बसमध्ये मॅडमनी नंबर बोलायला सांगितलं. प्रत्येक सहलीला आमचं असंच असतं. मी आठ, श्रुती सोळा, मैत्री सतरा.

"एक." "दोन." "तीन."

...सोळा. सतरा. अठरा. बावीसपर्यंत नीट. बस निघाली.

मी टोपी फिरवली. जिचा तिचा दगड गेला. माझा मी खिशात टाकला.

टोपीत एक उरला.

निळी चांदणी.

"मैत्री, घे ना."

माझ्या शेजारच्या सीटवर तिची पाण्याची बाटली होती. ती नव्हती.

"ए, मैत्री कुठंय?"

"मागं असेल."

मागं नव्हती. पुढं नव्हती. मी सीटखाली पण बघितलं.

"मॅडम, मैत्री नाहीये."

"अगं, सतरा नंबर मी स्वतः ऐकलाय."

"मी पण," श्रुती म्हणाली. "माझ्या मागूनच बोलली ती."

श्रुतीच्या मागच्या सीटवर सगुणा बसली होती. अठरा नंबर. ती म्हणाली, "काहीही काय. माझ्या पुढून आला आवाज."

दोघींच्या मध्ये कोणी बसूच शकत नव्हतं. नुसती सीटची पाठ.

मॅडमनी परत नंबर घ्यायला लावले. यावेळी सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या. चौदा... पंधरा... श्रुती अडखळत म्हणाली, "सोळा."

मग...

"सतरा."

मैत्रीचा आवाज. नाक चोंदलेला, तिचाच. कोणाचेही ओठ हलले नव्हते.

सगुणा रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "ही असली चेष्टा मी खपवून घेणार नाही," आणि एकेक सीट तपासायला लागल्या.

मला आजीचं बोलणं आठवलं. आपला आपन. दुसऱ्याचा नाय.

बस ट्रेलरांच्या रांगेत अडकली होती. मी दार उघडलं आणि उडी मारली. मागून मॅडम ओरडत होत्या. मी पळत होते. एक किलोमीटर तरी असेल. दोन्ही बाजूंना कंटेनर, तोंडात धूळ, मुठीत तिचा दगड. मी मनात एकच म्हणत होते. ती असू दे. रागावलेली असू दे, मला शिव्या घालू दे, पण असू दे.

कमानीतून आत गेले.

"मैत्री..."

किल्ला केवढासा. मधे उभं राहिलं की सगळा दिसतो. मी टाक्यात वाकून बघितलं. दोन्ही बुरुज चढले. पायऱ्या चार वेळा खालीवर केल्या. आमचीच वेफर्सची पाकिटं पडली होती. बुरुजावर तिची वही होती, उघडी.

तेच चित्र. मी थोड्या वेळापूर्वी बघितलेलं.

फक्त कमानीत आता टोपली नव्हती. क्रेन नव्हत्या.

कमानीत दार होतं. दोन मोठी लाकडी दारं, त्यांवर खिळे, आणि आडवा अडसर. बंद.

आतून काढलेलं.

मी तिथंच बसून तिच्या नावानं ओरडायला लागले. एवढा आवाज कमावलेला, भाषणात नंबर आणणारा, तो तटाला धडकून परत येत होता आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

गोजरा आजी कमानीत उभी होती.

"किती उचललेस?"

"सगळे."

ती भिंतीला हात धरून खाली बसली.

"आजी, ती आत राहिलीय. तिला काढा. प्लीज. मी काहीही करीन."

"तेवीस भाईर गेलं पोरी. आत कोन नाय, असा मोजला त्यानं. बंद केला."

"कोणी मोजलं?"

"माना नाय ठावं. माज्या सासूला पन नव्हता ठावं."

मी मैत्रीचा दगड कोनाड्यात ठेवला. तो घरंगळून खाली पडला. परत ठेवला, परत पडला. तिसऱ्या वेळी दोन्ही हातांनी दाबून धरला. हात काढला... जसं आतून कोणी ढकललं.

"तो नाय ऱ्हानार," आजी म्हणाली. "ती गेली असा झालाय ना. ज्यानं दुसऱ्याचा उचलला त्यानं आपला ठेवाचा. पन मंग तो कदी नाय उचलाचा. तुजा दगड इथं हाय तवर ती भाईर. समाजला?"

"आणि माझं काय?"

आजी माझ्याकडं बघत राहिली फक्त. मला तिचे डोळे अजून आठवतात.

मी खिशात हात घातला. खरं सांगते, मी शूर बिर नाही. पण 'वेडी आहेस का' असं मीच म्हणाले होते तिला.

माझा दगड ठेवला.

तो हलला नाही. चिकटल्यासारखा बसला.

मागं लाकडावर लाकूड सरकलं...

बुरुजाच्या पायऱ्यांवरून मैत्री खाली येत होती. त्याच पायऱ्यांवरून. ओठ सुकलेले, हाताच्या मुठी सोललेल्या, खूप वेळ काहीतरी ठोकल्यासारख्या.

"दार का लावलं?" ती म्हणाली. "मी किती हाका मारल्या. मी सारखं सांगत होते की मी इथं आहे. तर तो म्हणाला, नाही, तेवीस बाहेर गेले. मग तू कोण?"

"कोण म्हणाला?"

तिनं देवडीकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली.

तेवढ्यात मॅडम धापा टाकत आल्या. एक चप्पल हातात. मैत्रीला बघून त्यांनी आधी तिला जवळ घेतलं आणि मग आम्हा दोघींना झापलं. कोणीतरी आवाज काढून चेष्टा केली, मैत्री मागं राहिली, एवढंच ठरलं.

बसमध्ये परत नंबर.

"...सहा." "सात."

मी तोंड उघडलं.

"आठ."

मी अजून बोलले नव्हते.

कोणी माझ्याकडं बघितलं पण नाही. नऊ, दहा, पुढं गेलं. सतराला मैत्री बोलली, मैत्रीच. मी तिचा हात धरून बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तेव्हापासून असं होतंय. रोज नाही. वर्गात हजेरीला माझं नाव येतं आणि मी बोलायच्या आधी "प्रेझेंट" ऐकू येतं. बाई खूण करून पुढं जातात. परवा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दीक्षा, जेवायला ये," आणि माझ्या खोलीतून "आले गं" असं कोणीतरी म्हणालं. मी तेव्हा बाथरूममध्ये होते. आईला काहीच वेगळं वाटलं नाही. इतका सेम आवाज.

काल मी आई-पप्पा दोघांना सगळं सांगितलं. पप्पा पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. रागावले नाहीत. उलट प्रेमानं म्हणाले, "दीक्षा, आपण असलं मानत नाही. दगडानं माणूस अडकतो का? तुला शॉक बसलाय बाळा. रविवारी आपण तिघं जाऊ. तो दगड तू स्वतःच्या हातानं उचल, खाडीत फेक. मनातून भीती जाईल."

आई म्हणाली, "हो गं. येताना मॉलमध्ये जेवू."

मी हो म्हटलं नाही. पण 'हो' ऐकू आलं. पप्पा खूश होऊन टीव्ही लावायला उठले.

रात्रभर मी विचार केला. पप्पा बरोबर असतील तर दगड उचलल्यानं काहीच होणार नाही. आजी बरोबर असेल तर मैत्री परत त्या दारामागं जाईल. आणि यावेळी तिच्यासाठी ठेवायला माझ्याकडं दुसरा दगड नसेल.

सकाळी मैत्री शाळेत जायला खाली आली होती. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते ती; गेटपाशी उभी राहून शिंकत होती. गॅलरीतून मला दिसत होती.

आई-पप्पा चहा घेत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. माझ्या आधी कोणी बोलायला नको म्हणून श्वास पण न घेता, मोठ्यानं, एका दमात बोलले.

"पप्पा, आई, आपण रविवारी जायचं नाही. दगड तिथंच राहणार. मी ठरवलंय. आणि हे मीच बोलतेय, माझ्या तोंडाकडं बघा."