बॉयलरवाल्याचा डबा

डबा जागेवर होता. आतला गोळा नव्हता.

बॉयलरवाल्याची बायको कपाटाला टेकून खोकत होती. नवरा जन्मभर युद्धनौकेच्या बॉयलर खोलीत राबला आणि शेवटी श्वासाला महाग होऊन गेला. जहाजही भंगारात निघालं. वाफेच्या पाइपांवर गुंडाळलेल्या ॲस्बेस्टॉसचा एक पांढरा गोळा तेवढा त्याने आठवण म्हणून ठेवला होता. उद्याच्या भरपाईच्या सुनावणीत तोच एक पुरावा होता. तो नसला की जहाजावर ॲस्बेस्टॉस नव्हतंच म्हणायला सगळे मोकळे.

"त्यांचे त्या धुळीने भरलेले कपडे मीच झटकून धुवायचे," ती चौकशी अधिकारी बाईंना म्हणाली. "आता माझ्याही छातीचा फोटो काढलाय."

बाईंनी कपाट पाहिलं. डब्याखालचा कागद ओला होऊन फुगला होता. बेसिनजवळचा नॅपकिनही गायब होता. काल वेगवेगळ्या वेळी भेटायला तिघे आले होते: तिचा दीर, नवऱ्याचा जहाजावरचा सोबती आणि त्यांचे तेव्हाचे मुख्य इंजिनिअर साहेब. ती दर वेळी चहा करायला आत गेली, तेव्हा प्रत्येक जण थोडा वेळ इथे एकटा होता.

दिराने भावाचं घड्याळ उचलल्याचं लगेच कबूल केलं. गोळ्याचं विचारलं तर म्हणाला, तो जुना चुना मला कशाला हवाय? बाईंना त्याची किळस आली, पण खोटं काही वाटलं नाही.

सोबत्याला सगळे फुंकणी म्हणत. बोलताना त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. बाईंनी सोबत आणलेल्या पुडीतला पांढरा भुगा त्याच्यासमोर ओतला. त्याने चिमूट चोळली, हुंगली.

"हा आपला माल नाही. आम्ही त्याचे गोळे करून एकमेकांना मारायचो. ताटात पडला तर फुंकर मारून जेवायचो. फक्त साहेबांच्या केबिनजवळचा पाइप सोलायचा, तर आधी पाणी मारायचा हुकूम. लाड, दुसरं काय!"

तो हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. बाईंनी भुगा परत पुडीत भरला.

साहेबांच्या बंगल्यात सगळं लखलखीत होतं. साहेबांनी कानावर हात ठेवले. जहाजावर साधी काचेची लोकर होती, आणि धोका म्हणाल तर त्या काळी कुणालाच माहीत नव्हता.

"मग हे बघा. डब्याच्या तळाशी उरलं होतं." बाईंनी पुडी टेबलावर उपडी केली.

खुर्ची कोलमडली. साहेब भिंतीला चिकटले होते, नाकावर रुमाल.

"आधी पाणी मारा त्यावर!"

"खडूचा भुगा आहे," बाई म्हणाल्या. "चोराच्या मनात चांदणं. फुंकणीने बोटांनी ओळखला. तुम्ही कधी हात लावला असता, तर तुम्हीही ओळखला असता. दिराला तो गोळा चुना वाटत होता. फुंकणीने तो सरळ खिशात घातला असता. उचलण्याआधी, धूळ उडू नये म्हणून, पाण्याने भिजवून ओल्या नॅपकिनमध्ये कोण गुंडाळेल? ज्याला धोका माहीत आहे, तोच. आणि तुम्हाला तो जहाजावरही माहीत होता. तुमच्या केबिनजवळ पाणी, खाली बॉयलर खोलीत कोरडंच. का?"

"ओलं करत बसलं की काम लांबतं," साहेब रुमालाआडून म्हणाले. "जहाज वेळेवर निघायला हवं होतं."

एवढा शिकलेला माणूस, आणि हे बोलताना त्याला साधी लाजही वाटली नाही.

"गोळा कुठे आहे? स्वतःच्या घरात तर तुम्ही ठेवणार नाही."

साहेबांची नजर खिडकीबाहेर ड्रायव्हरच्या खोलीकडे गेली. बाईंनी दारात जाऊन ड्रायव्हरला विचारलं. तो नॅपकिनचं गाठोडं छातीशी धरून आला.

"साहेबांनीच खाटेखाली ठेवायला दिलं होतं," तो म्हणाला. "पार ओलं होतं हो. म्हणून बायकोने सोडून उन्हात वाळवलं आणि छान झटकून परत बांधलं."