झील धरणारी

एप्रिल लागला की गंधारच्या अंगात वारं शिरायचं. नगरच्या एका कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकवायचा, पण ते पोटासाठी. खरा जीव होता त्याच्या यूट्यूबच्या चॅनेलवर. जानेवारी ते मार्चमध्ये निघालेल्या नव्या अल्बमांतले आपले आवडते कोणते, हे तो दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी सांगायचा, आणि पुण्या-मुंबईची दर्दी मंडळी त्याची वाट बघायची. गंधारला कान आहे, असं लोक म्हणायचे. एखाद्याला गळा आहे म्हटलं तर तो निदान खाकरून तरी दाखवतो. कान आहे म्हटलेल्या माणसाला काही सिद्ध करावं लागत नाही, तो नुसता ताठ चालतो. गंधार ताठ चालायचा.

यंदा यादी बघून त्याची बायको यामिनी म्हणाली, "सगळे पुण्या-मुंबईचेच? आपल्या जिल्ह्यात कोणी गातच नाही का रे?"

हे त्याला लागलं. आता, आपल्या जिल्ह्यात गाणाऱ्यांची काही वाण नाही. मढीच्या कानिफनाथांची यात्रा होळीला भरते, आणि तिच्या आधी गल्लीबोळातल्या स्टुडिओंतून नाथांच्या गाण्यांचे अल्बम लाह्यांसारखे फुटत असतात. यात्रेत कर्ण्यावर वाजला नाही तर तो अल्बम कशाला काढला, असा तिथला हिशेब. गंधारनं त्यातलाच एक उचलला. ‘गडाची पायरी’, तिसगावजवळच्या एका वस्तीवरचं महिला भजनी मंडळ, मुख्य आवाज साळूबाईंचा. पहिलं गाणं लावलं. पेटी वाजत होती की भांडत होती कळेना. धृपद संपायच्या आत त्यानं ते बंद केलं. नाव मात्र यादीत ठेवलं.

आणि कॅमेऱ्यासमोर काहीतरी बोलावं तर लागणारच. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"या अल्बमचं शेवटचं गाणं जरूर ऐका," तो डोळे मिटून म्हणाला. "बाई एकट्याच गातात. पण शेवटच्या कडव्याला मागून एका लहान मुलीचा बारीक आवाज येतो, झील धरायला. दारात बसलेली एखादी पोर आईच्या मागे म्हणते ना, तसा. किंचित उशिरा. माझ्या अंगावर काटा आला."

काटा वगैरे काही आला नव्हता. शेवटच्या गाण्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. मुख्य गाणाऱ्याची ओळ मागच्यांनी उचलून धरायची, त्याला झील धरणं म्हणतात, एवढं त्याला माहीत होतं, आणि गावाकडच्या गाण्यात असं कुठंतरी असणारच, असा त्याचा अंदाज होता. रविवारी कार्यक्रम गेला. संध्याकाळी प्रतिक्रिया वाचताना त्याला गंमतच वाटली. बाकीच्या अल्बमांचं कौतुक होतंच, पण निम्मे लोक त्या मुलीबद्दल लिहीत होते. काय आवाज आहे! डोळ्यांत पाणी आलं. कोण आहे ही पोर? गंधारनं स्वतःची पाठ थोपटली. न ऐकताही बरोबर सांगतो, म्हणजे कान आहेच की.

मंगळवारी दुपारी फोन आला.

"सर, मी सहादेव बोलतो. साळूबाईचा मालक," पलीकडचा माणूस चाचरत म्हणाला. "तुमी त्या पोरीचं बोलले ना, झील धरती म्हनून. ती आमची ज्ञानेश्वरी."

"वा, छान!" गंधार म्हणाला. "मोठी गोड मुलगी आहे तुमची. शाळेत जाते?"

मग सहादेव म्हणाला, "पौषात गेली, सर."

"कुठं?"

विचारलं आणि गंधारला कळलं. त्याचा कान तापला.

"गानी माघात भरली," सहादेव सांगत होता. "तारीख आदीच ठरली हुती, यात्रेच्या आत निगायला पायजे हुतं. हिला म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. तर म्हनली, पोरीनं पाठ केल्याती, म्हनू दे मला. रेकॉर्डिंगला पोर न्हवती, सर. मग आलीच कुठनं? आमी लई खेपा वाजवलं. यात्रेत बी वाजलं. तवा कुनालाच न्हाई ऐकू आलं. तुमी सांगितलं त्या दिसापासनं येतंय."

रविवारी वस्तीवर या, मंडळाला तुमचा सत्कार करायचाय, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

गंधारनं दार लावलं, चांगला हेडफोन काढला आणि शेवटचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. आश्चर्य म्हणजे गाणं साधं आणि चांगलं होतं. पेटी नव्हती. टाळ आणि साळूबाईंचा जाडसर, थोडा बसलेला आवाज. गडाच्या पायऱ्या चढणारी बाई नाथांना सांगते, की माझ्या कडेवरचं ओझं आता हलकं झालं. शेवटच्या कडव्यात बाई एकट्याच गायल्या. मागं कोणी नव्हतं. त्यानं परत ऐकलं. आवाज वाढवून, आवाज कमी करून, एकेका कानानं. कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

माणूस शिकलेला असला की त्याला लगेच कारणं सुचतात. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगचा आवाज खालून झिरपला असेल. टाळांच्या नादात तसा भास होत असेल. किंवा आपण सांगितलं म्हणून लोक ऐकतायत. हे शेवटचं त्याला बरं वाटलं. त्यानं स्टुडिओवाल्या पार्थला फोन लावला.

"मीपण ऐकलं, सर," पार्थ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मूळ फाईल उघडली. बाईंना एकच माईक होता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तुमच्या कार्यक्रमाआधी फाईलमध्येपण नव्हतं हो. मी आता ती उघडत नाही."

तेवढ्यात यामिनी मेथीची जुडी घेऊन आत आली. हेडफोनची वायर ओढली गेली होती आणि गाणं खोलीत मोठ्यानं वाजत होतं. ती थबकली.

"हीच का ती मुलगी? काय रे आवाज!" ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण ही गातेय की काहीतरी सांगतेय? शब्द नाही लागत नीट."

गंधार तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या कानावर नुसते टाळ पडत होते. मी हे ऐकलंच नव्हतं, मी ठोकून दिलं, असं एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. बायकोसमोरसुद्धा त्याला कानवाला राहायचं होतं, याची त्याला तिथंच लाज वाटली. आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. एका मेलेल्या पोरीच्या आवाजाचं आपण न ऐकता कौतुक केलं, आणि आता साऱ्या जगाला ती ऐकू येते, आपल्याला तेवढी येत नाही.

रविवारी तो निघाला तो कबूल करायचं ठरवूनच. करंजीचा घाट उतरेपर्यंत त्यानं वाक्यंही जुळवली. साळूबाई, माझी चूक झाली. मी तुमचं गाणं ऐकलं नव्हतं. एवढीच दोन वाक्यं, पण घाटात ती जितकी सोपी वाटली तितकी तिसगावच्या पुढं वाटेनात. ऊन मी म्हणत होतं. ज्वारी निघालेली रानं उघडी पडली होती. वस्तीच्या फाट्यावर सहादेव मोटारसायकल घेऊन उभाच होता, उंच, वाळका, डोक्याला नवी टोपी.

देवळापुढं मांडव घातला होता. सतरंजीवर बायका, बाप्ये, म्हातारी माणसं बसलेली. गाडीतून पाय खाली टाकतो न टाकतो तोच कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. आपल्याकडे फेटा बांधून घेताना मान हलवता येत नाही आणि बोलताही येत नाही. मग शाल आली, नारळ आला. ज्याच्या गळ्यात हार पडला त्यानं आपण खोटारडे आहोत हे नेमकं कधी सांगायचं, याची रीत कुठंच नाही. गंधार खुर्चीवर बसला. वस्तीतली माणसं त्याच्याकडे फार आदरानं बघत होती, निदान त्याला आधी तसं वाटलं. मग लक्षात आलं की ती त्याच्याकडे बघतच नव्हती. सगळ्यांच्या नजरा सतरंजीवर होत्या.

साळूबाई सगळ्यांत शेवटी आली. चाळिशीची असेल. ठसठशीत कुंकू, हातात टाळ नाही. ती त्याच्यासमोर खालीच बसली आणि उजवा कान त्याच्याकडे केला.

"मोठ्यानं बोला, सर," सहादेव म्हणाला. "तिचा एक कान ल्हानपनापास्नं गेलाय. दुसऱ्यानं निम्मंशिम्मं. सूर कळतो, बोल न्हाई कळत."

"सर," साळूबाई म्हणाली, "तुमाला ती आदी दिसली. माज्या आदी."

"दिसली नाही हो, मी फक्त..."

"आवाज तिचाच हाय. आईला कळतंय. कायम मागं पडायची, मी वरडायची तिला." तिनं पदर सारखा केला. "पन ती गानं न्हाई म्हनत, सर. गान्यात नसलेलं कायतरी बोलती. मला बोल लागंना. ह्यांना इचारलं, मंडळातल्या बायांना इचारलं. समदी म्हनत्यात, आमाला बी न्हाई लागत. तुमचा कान मोठा हाय. माजी पोर काय म्हनती, तेवढं सांगा."

त्यासाठी सत्कार होता. शाल, नारळ, फेटा, मांडव, सगळं तेवढ्यासाठी होतं.

सहादेवनं मोबाईल काढून गाणं लावलं. शेवटचं कडवं आलं. मांडवातल्या बायांनी पदर तोंडाशी नेले. साळूबाई डोळे मिटून पुढं झुकली. गंधारला टाळ ऐकू आले, साळूबाईचा आवाज ऐकू आला, देवळावरची कबुतरं ऐकू आली. गाणं संपलं.

सहादेवनं मोबाईल खाली घेतला.

आत्ता सांगायला हवं होतं. जुळवलेली दोन्ही वाक्यं त्याच्या तोंडात तयार होती. त्यानं साळूबाईकडे बघितलं. ती वाट बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते गंधारला तेव्हा समजलं. आणि तरी त्याला वाटलं, की एका शब्दानं हिचं समाधान होणार असेल तर कुणाचं काय जातं? खरं बोलायची लाज माणसाला किती चांगली चांगली कारणं पुरवते.

"ती म्हणते," तो मोठ्यानं म्हणाला, "आई, मी बरी आहे. काळजी करू नको."

साळूबाईनं श्वास सोडला.

"बरी हाय?"

"हो. अगदी स्पष्ट ऐकू येतं."

"पोटात दुखतंय म्हनत हुती," साळूबाई म्हणाली. "दोन दिस. आमची तालीम चालू. मला वाटलं, झील धरायचा कंटाळा आलाय, नाटकं करती. दटावलं तिला. लई कळवळली हो जाताना." तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बरी हाय म्हनती ना. तेवढंच पायजे हुतं. मालक, लावा आनखी एकदा. आता बोल म्हाईत झालं, आता मला लागतील."

सहादेव जागचा हलला नाही. त्यानं गंधारकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे सरळ पाहिलं होतं.

"लावा की," साळूबाई म्हणाली.

त्यानं लावलं.

कडवं आलं. टाळ आले. साळूबाईचा आवाज आला. आणि गंधारच्या डाव्या खांद्याच्या मागून, अगदी जवळून, ती आली.

आवाज बारीक होता. शब्द मात्र एकेक कळत होता.

"आई, लई दुखतंय गं. थांब की. आई, लई दुखतंय."

मांडवातली सगळी माणसं खाली बघत होती. पुढची म्हातारी बाई सतरंजीचा धागा ओढत होती. ही सगळी कधीपासून हे ऐकत आली होती, आणि एकानंही साळूबाईला सांगितलं नव्हतं.

साळूबाईचे डोळे मिटलेले होते. ती मान डोलावत होती.

"व्हय," ती म्हणाली. "लागलं आता. बरी हाय म्हनती."

गाणं संपलं. सहादेवनं मोबाईल बंद करून खिशात टाकला. कुणीतरी चहा आणायला उठलं.

आवाज थांबला नव्हता.

"सर," साळूबाईनं विचारलं, "मी रोज दिवं लावताना तिला हाक मारत हुते. ती बरी हाय, तर आता न्हाई मारत. तिला जाऊ दे सुखानं. बराबर हाय ना?"

"हो," गंधार म्हणाला.

चहा आला. खांद्यामागं पोर आईला हाका मारत होती. साळूबाई हसून म्हणाली, निवंल, घ्या की. गंधारनं कप उचलला आणि चहा प्यायला.