पिलाशी बोलायचा आवाज

"बोला, बोला, बोला! कवळी कोथिंबीर, पुढं कोण?"

युसूफवडगावच्या आठवडी बाजारात भाजीचा लिलाव रंगला होता, आणि मेथी बघता बघता रुद्राणीचा हात थबकला. हा ठेका... हा तर आपण शिकवतो त्या वर्गातला! चौथीतली धनश्री अगदी अशीच वाचायची. चिमणी पिलाचा निरोप घेते तो धडाही तिनं असाच ठणाणा वाचला. वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून पोरीनं वाचायला तोंड उघडलं नव्हतं.

रुद्राणी तडक पुढे गेली. "धनश्री तुमची कोण?"

लिलाव पुकारणारा उंच, सावळा तरुण दचकला. "भाची हाय. बहीण-दाजी ऊसतोडीला गेलेत, म्हणून माझ्याकडं असती. मी अभिमन्यू... कावून? काय केलं तिनं?"

"तिनं नाही, तुम्ही केलंय. धडासुद्धा ती तुमच्यासारखा पुकारून वाचते. मी तिची बाई. उद्या शाळा सुटल्यावर या, दोघंही. तिला वाचतं करायचंय मला."

"मी? म्याडम, सातवीत शाळा सोडलीय मी—"

"मग आठवीपासून सुरू करू."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसला आणि वाचू लागला. "बाळा, मी येईपर्यंत बाहेर जाऊ नको!" लिंबावरचे कावळे उडाले.

"अहो, चिमणी बोलतेय. माल नाही विकत!"

"बाजारात हळू बोललं तर कोथिंबीर सुकून जाईल, म्याडम."

"आणि घरात मोठ्यानं बोललं तर?"

त्यानं धडा पुन्हा पहिल्यापासून काढला. पुढच्या दिवशीही हजर. तिसऱ्याही. रुद्राणी हटत नव्हती, तो दांडी मारत नव्हता.

"मामा, बाजाराला जाताना तर तू असा भांग पाडत न्हाईस," धनश्री म्हणाली, आणि रुद्राणीनं घाईघाईनं फळा पुसला... कोरा फळा.

नवव्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं. "तुमच्या ताई निघाल्या, तेव्हा हिला काय म्हणाल्या होत्या?"

अभिमन्यूनं भाचीकडे पाहिलं. "रडू नको, म्हणली... मामाचं ऐक. माझं लुगडं ठेवलंय उशाला, धरून झोप..." त्याचा आवाज खाली, खूप खाली उतरला होता.

"हाच आवाज," रुद्राणीनं पुस्तक पुन्हा उघडलं. "आता चिमणीचं वाक्य—"

पण पुस्तक धनश्रीनंच ओढून घेतलं. "बाळा..." ती थांबली. मग हळूहळू, एकेका शब्दावरून हात फिरवावा तसं, वाचत गेली.

सोमवारी तिनं भर वर्गात वाचलं. कुणी हसलं नाही. निम्म्या पोरांच्या आया उसाच्या फडातच होत्या.

त्या संध्याकाळी अभिमन्यू शाळेच्या फाटकाशी घुटमळला. "धनश्रीचं झालं... आता मला यायला कारण न्हाई उरलं."

"कारण लागतंच का?"

त्यानं चमकून वर पाहिलं. मग ओठातल्या ओठात— "तुमच्या घरी येऊ? ...मागणी घालायला?"

रुद्राणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बाबा आधी नाहीच म्हणतील. जात काढतील, तुमची सातवी काढतील."

"मी परत येईन. लई वेळा येईन."

"आणि मी तुमच्या शेजारी उभी राहीन."

दोन पावलं जाऊन ती वळली. डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"अन् ऐका, बाबांना कमी ऐकू येतं. तिथं असं पुटपुटू नका. अख्ख्या गल्लीला कळू द्या!"