सम्यकची माय

देवगाव रंगारीच्या अलीकडच्या त्या गावात पूर ओसरून चार दिवस झाले होते. पारूबाई शाळेच्या ओट्यावर भिजलेल्या गोधड्या वाळत घालत होती. उन्हाला चिखलाचा, कुजल्या मक्याचा वास येत होता. वरची आळी आणि बौद्धवाडा, दोन्हीकडची माणसं शाळेतच राहत होती. एकाच चुलीवर सगळ्यांची खिचडी शिजत होती. नऊ वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. नऊ वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून दोन्हीकडून कुऱ्हाडी निघाल्या आणि पारूबाईचा एकुलता सम्यक त्यात गेला. नाव आलं ते वरच्या आळीतल्या बद्रीनाथच्या पोराचं, कृष्णाचं. पुराव्याअभावी तो सुटला आणि शहरात राहायला गेला.

आज बद्रीनाथ बायकोला, साळूबाईला, हाताला धरून शाळेच्या ओट्यापाशी आला. पारूबाईसमोर उभं राहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"पारूबाई, लई उशीर झाला. माफी मागाया आलोय."

पारूबाई कितीतरी वेळ हातातली गोधडी पिळत राहिली. मग म्हणाली, "बसा."

साळूबाई बसली नाही. हळूच म्हणाली, "पुरातून मला पाठीवर कुणी काढलं, ते मी कुणाला सांगितलं नाय... तुझा सम्यक होता."

पारूबाईचे हात थांबले.

"पाठ बर्फावानी गार. वाटंत एकच बोलला. 'काकू, कृष्णा कुठं ऱ्हातो?'"

"मग?"

"सांगितलं मी... शहरात, औरंगपुऱ्यात, दुकानावरच्या खोलीत."

बद्रीनाथनं लगेच पोराला फोन लावला. स्पीकरवर कृष्णाचा दबका आवाज आला. "दादा, सकाळपासून दाराशी कुणीतरी उभंय. दाराखालून गढूळ पाणी आत येतंय. इथं तर कडक ऊन हाय..."

बद्रीनाथनं हात जोडले. पारूबाईला रक्तानं माखलेला सदरा आठवला. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कोण नावं ठेवणार होतं? मग तिनं फोन हातात घेतला.

"कृष्णा, दार उघडू नको. फोन दाराला लाव." मग ती म्हणाली, "सम्यक... माय बोलतेय. झालं रे लेकरा. सोड त्याला. घरी ये."

पलीकडून ओल्या पावलांचा आवाज आला, जिना उतरणारा.

"गेला का रं?" बद्रीनाथनं विचारलं.

फोनमध्ये पावलं वाजतच राहिली.

"पारूमावशी," तो कुजबुजला, "आमच्या जिन्याला बाराच पायऱ्या हायत... तो अजून उतरतोय."