पोटमळा

ओवीच्या डोहाळजेवणाला अख्खी गल्ली लोटली होती. पंगतीत पुरणपोळी, कटाची आमटी, मेथीची भाजी, मठ्ठा असा थाट, आणि फुलांची वाडी घालून पाटावर बसवलेल्या ओवीच्या चांदीच्या ताटात नुसती तांदळाची पेज. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

डॉ. सायली दाभाडे मात्र हातातला घास तसाच धरून बसली. ओवी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, आणि ती पेज म्हणजे सायलीचीच करामत.

तरुणपणी तिने पोटमळा घडवला होता. पोटमळा म्हणजे आतड्यात वस्ती करणारे, प्रयोगशाळेत तयार केलेले जंतू. काही द्रव्यं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात, म्हणून त्यांना अत्यावश्यक म्हणायचं. स्नायू बांधणारी नऊ अमिनो आम्लं घ्या, नाहीतर नसांना आणि रक्ताला लागणारी ब-जीवनसत्त्वं. हे जंतू ती सारी भाताच्या पिष्टातून आणि शरीराच्याच टाकाऊ नत्रातून तयार करत. कमतरता बायकांमध्ये जास्त, म्हणून पोटमळा आधी बायकांना दिला गेला. झालं! घरोघरी बायकांच्या ताटातली डाळ गेली, मग दूध गेलं, मग भाजीही गेली. पुरुषांची ताटं होती तशी भरलेलीच राहिली. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच सायलीचं डोकं जास्त फिरलं.

तिने ओवीच्या आईला, वृषालीताईला, हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चांगलं फैलावर घेतलं. ताईला कळेचना काय चुकलं ते. बहिणीचा शोध म्हणून ती चारचौघांत मिरवत होती. ओवीचं सगळं पोटातच पिकतं, तिला वेगळं काय लागणार? पाठ दुखते, दम लागतो, पण या दिवसांत ते व्हायचंच.

"ताई, लोह आणि कॅल्शियम कुठलाच जंतू बनवू शकत नाही. ती मूलद्रव्यं आहेत. मातीतून भाजीत येतात, भाजीतून पोटात. किती वर्षं कंठशोष करतेय मी."

"पण सोनोग्राफीत बाळाची वाढ उत्तम आहे म्हणाले."

"असणारच. बाळ थांबत नाही. ताटातून आलं नाही, तर आईच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं, तिच्या साठ्यातलं लोह घेतं. ओवी आतून झिजतेय."

वृषालीने विचारलं, "म्हणजे बाळाला काही धोका नाही ना?"

सायलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ताट वाढून घेतलं, भाजी दुप्पट वाढली, आणि सगळ्यांदेखत ते ओवीपुढे आणून ठेवलं. हाडांचं, रक्ताचं, सारं तिला नीट समजावून सांगितलं. ओवी शिकलेली मुलगी. तिने मन लावून ऐकलं, तिला सगळं पटलंही. मग फिकट ओठांनी हसून तिने ते ताट हळूच बाजूला सारलं.

"मावशी, बाळाला मिळतंय ना सगळं? मग हे कुणासाठी खायचं?"