ताटीवर ठेवलेला पुरावा

मोबाइल खाली ठेवा रे. त्या उजेडात तुमची तोंडं मेल्या माशासारखी दिसतात. आणि लोर्ना, मागच्या वेळी तू मध्येच पळालीस. आज बसायचं तर शेवटपर्यंत बस.

ही क्लेटसची गोष्ट. माझा मेहुणा, माझ्या बहिणीचा नवरा. रचून सांगण्याइतकी अक्कल त्याला देवाने दिलेलीच नाही, म्हणून मी विश्वास ठेवतो.

दोन हजार तेवीस, डिसेंबरची तीन तारीख, रविवार. त्या दिवशी सीमेपलीकडच्या देशाने मतदान घेतलं होतं, आपली जमीन त्यांची म्हणून. जमीन आपली, मत त्यांचं! इकडे गावात शहरातला एक साहेब ठाण मांडून बसलेला. म्हणाला, "तुमचे कॅरिब पूर्वज इथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी डचांच्या ठाण्यावर चाकरीला होते, याचा पुरावा आणा. डच इथवर होते हे दिसलं की पलीकडच्यांचा दावा पडतो. गावाच्या जमिनीचा कागद करून देतो." तीस वर्षं आपण त्या कागदासाठी उंबरे झिजवत होतो. डच यायच्या आधीपासून आपण कॅरिब या नदीवर आहोत, ते कुणी विचारत नाही. गोऱ्याची चाकरी केली असेल तरच माणूस खरा!

त्या ठाण्याच्या विटा पोमरून नदीच्या मुखाशी चिखलात आहेत. पूर्ण ओहोटीलाच उघड्या पडतात. त्या रविवारी ओहोटी रात्री एकला होती. एक वीट आणायला क्लेटस होडी घेऊन एकटाच गेला.

पोचला तेव्हा पाणी अजून वर होतं. वाटेत त्याने रानडुकराचं एक पिल्लू मारलं होतं. काठावर आग केली, वर ओल्या काठ्यांची ताटी बांधली, मांस धुरावर ठेवलं आणि झाडांना झोळी टांगून तीत पडला. वारा नव्हता. साडेबाराच्या सुमाराला पावलं वाजली.

"दादा, ताटीवर जागा आहे का?"

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. रात्री आगीजवळ आलेल्याला नाव विचारायचं नाही. त्याची शिकार आपल्या ताटीवर ठेवून घ्यायची आणि पहिला घास त्याच्या मांसाचा खायचा. क्लेटस डोळे न उघडताच म्हणाला, "आहे की. आपलीच समज."

काठ्या करकरल्या.

"लांबून आलास वाटतं?"

"तीन रात्री माग काढला. पळण्यात पटाईत होते."

"डुकरं?"

तो हसला. "साहेब डुकरंच म्हणतो त्यांना."

मग वास आला. गोडसर... करपलेला... केसांचा. क्लेटसच्या तोंडाला पाणी सुटलं. हे त्याने मला रडत सांगितलं. आधी पाणी सुटलं, आणि मग ओकारी आली.

"अख्खं ओझं कोण वाहणार?" पाहुणा म्हणाला. "साहेबाला नुसता पुरावा लागतो. धुरावर धरला की टिकतो."

क्लेटसने डोळे उघडले.

ताटीवर हात होते. मनगटापासून तोडलेले. सगळे उजवे. चरबी आगीत ठिबकत होती.

एक फार लहान होता.

...

उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम, पोरांनो. त्यांना पकडायला डच आपली माणसं लावायचे. आपल्या माणसांनी हात दाखवायचे, कुऱ्हाडी आणि दारू न्यायची. थू! डचांवर थू, आणि आपल्यावरही.

पाहुणा आगीजवळ वाकला. उजेड तोंडावर पडला. क्लेटसचीच वाकडी हनुवटी. क्लेटसचाच फुटका दात.

"चाख ना, दादा... आपली रीत आहे."

क्लेटस पळाला. झोळी, बंदूक, सगळं टाकून. चिखलात पडला. हाताखाली वीट लागली.

आणि... त्याने ती उचलली.

एवढा भ्यालेला माणूस, पण वीट सोडली नाही. गावाचा कागद त्या विटेवर अडला होता ना! मी त्याला बोल लावत नाही. मी असतो तर दोन आणल्या असत्या, आणि याचीच मला माझी किळस येते.

साहेब वीट पाहून खूश. "वा! अस्सल डच. झालं तुमचं काम." क्लेटस त्याला रात्रीचं सांगू लागला, तर म्हणाला, "ते कागदावर नको."

ईस्टरला कागद आला. शहरातूनच प्लास्टिकमध्ये सीलबंद करून. तुमच्या शाळेत चौकटीत लावलाय तोच. गेल्या महिन्यात भिंत रंगवायला मी चौकट उतरवली. धुराचा वास आला. कागद उलटा केला.

पाठीवर काजळीचा पंजा होता. प्लास्टिकच्या आत. पुसून पाहिला, पुसला जात नाही. उजवा. माझ्या तळव्याच्या निम्मासुद्धा नाही.

लोर्ना, जरा तुझा हात पुढे कर बघू...

नको. राहू दे.